झाब्लॉनच्या कबरीपाशी ओल

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रोझेलिडा अकेयोच्या घराच्या पुढच्या भिंतीला ओल आली. पाऊस थांबून महिना झाला होता. अंगणातली माती पावलागणिक उडत होती, आणि भिंत मात्र खालून वर भिजत चालली होती. आधी वीतभर, मग गुडघ्याएवढी. गिलाव्याला पोपडे धरले. शिलाई मशीन त्याच भिंतीला लागून होतं, ते तिने खोलीच्या मधोमध ओढलं.

भिंतीपासून सहा पावलांवर, दाराच्या उजव्या हाताला, तिच्या नवऱ्याची कबर होती. झाब्लॉनची. पांढऱ्या फरश्या, वर सिमेंटचा क्रूस. चौदा महिने ती कोरडी होती. आता उशाकडची माती काळी पडली आणि एक फरशी बोटभर खचली. बाकी अंगणात हिरवी काडी नव्हती, तिथे कोवळी हरळी उगवली.

भिंतीची ओल गावाने पाहिली नाही. कबरीची सगळ्यांनी पाहिली. झाब्लॉन शुक्रवारी गेला होता, आणि शुक्रवारी सकाळी ती माती सगळ्यात जास्त ओली असते, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मंगळवारीही ती तेवढीच ओली असायची, पण मंगळवार कोणी मोजत नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर तिचा दीर योना अंगणात आला. बसला नाही.

"वहिनी, शनिवारी म्हातारी मंडळी येणार आहेत."

"कशाला?"

"तुला ठाऊक नाही कशाला? भर उन्हात माझ्या भावाची कबर रडतेय. सगळं गाव बघतंय."

"भिंतही रडतेय. तिचं कोण मेलंय?"

"थट्टा करू नकोस. घरात पुरुषाचं नाव राहिलं नाही म्हणून तो बेचैन आहे. म्हाताऱ्यांचं म्हणणं दोनच गोष्टी. एकतर माझा कोट तुझ्या खुंटीला लागावा. नाहीतर कबर शांत होईपर्यंत तू घराला कुलूप लावावंस आणि आईच्या जुन्या स्वयंपाकघरात राहावंस."

"कोट आला की मागून माणूसही येतो, भावजी. तुमच्या बायकोला विचारलंत?"

"रीत आहे. त्यात विचारायचं काय?"

बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. कबरीच्या उशाकडे बघत होता.

कुलूप म्हणजे काय ते रोझेलिडाला माहीत होतं. टेकडीपलीकडच्या एका विधवेचं घर असंच थोड्या दिवसांसाठी बंद झालं होतं. चूल विझली, वाळवी आली. आठ महिन्यांत छपराचे वासे गेले, आणि मग कोणाच्या अंगावर पडतील म्हणून भाऊबंदांनीच भिंती उतरवल्या. ती बाई आता बहिणीकडे राहते, आणि तिच्या अंगणात दुसऱ्याचा मका आहे. रोझेलिडाच्या दोन मुली शाळेच्या वसतिगृहात होत्या. सुट्टीला त्या याच घरात येणार होत्या. दुसरं घर नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने शाबान मुकोयाला फोन केला. शाबान नळाचं काम करणारा, मुमियास गावचा, दवाखान्याची टाकी त्यानेच बसवलेली.

"पाणी कधी येतं तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी आठ ते बारा."

"उद्या मी दुसरीकडे अडकलोय. गुरुवारी येतो. नळाच्या दिवशीच यायला हवं, बाई. पाणी नसताना गळती शोधायची म्हणजे झोपलेल्या माणसाला कुठे दुखतं ते विचारायचं."

गुरुवार ते शनिवार, मध्ये एकच दिवस उरत होता. तिने हो म्हटलं.

गुरुवारी साडेसातला शाबानची मोटारसायकल फाटकातून आत आली. मागे पाच फुटी लोखंडी सळई आणि सायकलचा पंप बांधलेला.

"कोंबड्या कोंडून घेतल्यात मी," रोझेलिडा म्हणाली. "मुमियासचा माणूस येणार म्हटल्यावर. तुम्हा लोकांना कोंबडी दिसली की पातेलं आठवतं."

"कोंबडी गळती सापडल्यावर. आत्ता चहा." मग त्याने भिंत पाहिली, पोपडा नखाने उचलला, आणि चहा तसाच ठेवून कामाला लागला.

आधी त्याने घरातले तिन्ही नळ बंद केले. प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवला. टाकीचा गोळा वर उचलून तारेने बांधला, म्हणजे टाकीत थेंबही जाणार नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी पाइप खोकू लागले. फाटकापाशी मीटर होतं, त्याच्या काचेखाली लाल चांदणी गरागरा फिरली.

"फुटलाय तर!" रोझेलिडा म्हणाली.

"थांबा. ही हवा आहे. हवेनेही मीटर पळतं. हवा गेली की खरं बोलतं."

दोघं मीटरपाशी उकिडवी बसली. पंधरा मिनिटांनी खोकला थांबला. चांदणी मंदावली, पण थांबली नाही. घरात तिन्ही कागद कोरडे होते. शाबानने भिंतीपाशी जाऊन घराचा मुख्य कॉक बंद केला आणि परत आला. चांदणी तशीच फिरत होती.

"घर सुटलं," तो म्हणाला. "भिंत निर्दोष आहे. भिंत फक्त पाणी पितेय. गळती या मीटरच्या आणि त्या कॉकच्या मध्ये, जमिनीत. पाइप कुठून गेलाय?"

"कुंपणाच्या कडेने. मालकांनी स्वतः पुरला. मी त्या दिवशी बाजारात होते."

शाबानने कुंपणाच्या कडेने दर पावलाला सळई खुपसली, दोन फूट खोल. प्रत्येक वेळी ती कोरडी ठाक वर आली. सत्तर पावलं झाली. सळईला कुठेच पाइप लागला नाही.

"बाई, कुंपणाच्या कडेने तुमच्या मालकांनी काही पुरलेलं नाही."

"त्यांनी मला तसं सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. मीही माझ्या बायकोला सांगितलंय की सिगरेट सोडली." त्याने घाम पुसला. "माणूस एकटा, कुदळ एक, माती कडक. कोण कशाला वळसा घालेल? सरळ गेले असणार."

त्याने मीटरला दोरी बांधली आणि कॉकपर्यंत ताणून नेली. दोरी अंगणाच्या मधून गेली. कबरीच्या उशापासून ती दोन बोटांवर होती.

शाबानने टोपी काढली.

"इथे मी सळई घालणार नाही," तो म्हणाला. "तुमच्या लोकांच्या कबरीला हात लावायला मला कोणी कितीही कोंबड्या दिल्या तरी."

"मग कळणार कसं?"

"पाणी जाऊ दे. बारानंतर दुसरा उपाय आहे."

बाराला पाणी गेलं. शाबानने मीटरपाशी पाइप सोडवला, त्याच्या तोंडाला रबर गुंडाळून सायकलचा पंप घट्ट बसवला. घराकडचा कॉक बंदच होता. आत राहिलेल्या पाण्यावर हवेचा दाब पडला की जिथे चीर असेल तिथे हवा बाहेर येणार, आणि ती चिखलातून येणार.

"मी भरतो. तुम्ही ऐका. तिथे."

रोझेलिडा कबरीच्या उशाशी गुडघ्यावर बसली. नवरा गेल्यापासून ती या बाजूला एवढ्या जवळ बसली नव्हती. तिने कान ओल्या मातीला लावला. माती गार होती. फाटकापाशी पंपाचा दांडा वर-खाली होऊ लागला. आधी काही नाही. मग खालून, हातभर खोलीवरून, लापशी शिजताना येतो तसा आवाज आला. बुड. थोडं थांबून, बुड बुड. मग एकसारखा.

ती एकदम मागे सरली. डोक्याला पाइप कळत होता. तरी तिने कानाची माती घाईघाईने पुसली.

"येतोय?" शाबान ओरडला.

तिने मान हलवली. तेवढ्यात तिला फाटकात योना दिसला. तो किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. तो पुढे आला, कबरीपासून तीन पावलांवर थांबला. आता आवाज उभ्या माणसालाही ऐकू येत होता. खचलेल्या फरशीच्या फटीतून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

योनाचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे बंद करा," तो म्हणाला. आणि वळून चालू लागला.

शाबानने पंप सोडला. "त्यांना सांगायचं होतं ना, पाइप आहे म्हणून. बिचारे घाबरले."

रोझेलिडा दिराच्या पाठीकडे बघत होती. कबरीतून आवाज येतोय, आणि सख्खा भाऊ तो कसला म्हणून विचारत नाही. शाबान कोण, पंप कशाला, काहीच विचारत नाही. का?

शाबानने जुनी लाइन मीटरपाशी कापून बुच मारलं, तसंच घराकडेही. उद्या नवा पाइप आणून कुंपणाच्या कडेने टाकतो म्हणाला, यावेळी खरोखर कडेने. कबरीला हात लावायची गरज नव्हती. फुटका तुकडा जमिनीत राहील, त्यात पाणी जाणार नाही.

"मग शनिवारपर्यंत माती वाळेल?"

"शनिवारपर्यंत? बाई, महिनाभर प्यायलेली माती आहे. वर फरशी, सावली. तीन आठवडे धरा."

शुक्रवारी सकाळी ती ओग्वेनोकडे गेली. कुळातल्या कबरी तीस वर्षं ओग्वेनोच खणत आला होता, दोघा-तिघांना हाताशी घेऊन, रात्रीतून. एरवी तो विटा पाडायचा. आत्ता भट्टी रचत होता.

"ओग्वेनोदादा, झाब्लॉनची कबर तुम्हीच खणलीत ना?"

"सगळ्यांची मीच खणतो. तुझीही खणीन, घाई करू नकोस."

"त्या रात्री पाइप लागला होता?"

ओग्वेनोने हातातली वीट परत खाली ठेवली.

"योनाने सांगितलं?"

तिने योनाचं नाव घेतलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली. ओग्वेनो विटांच्या ढिगावर बसला आणि हाताचा चिखल खरवडू लागला.

"पहाटेचे तीन वाजले असतील. छातीएवढं खणून झालं होतं. उशाकडची बाजू सरळ करताना कुदळ निसटली आणि काळा पाइप उघडा पडला. करंगळीएवढी चीर. वाटीभर पाणी आलं आणि थांबलं. नळाचा दिवस नव्हता."

"मग तिथेच का नाही थांबलात?"

"न्यार उयोमा, अठरा वर्षं झाली तुला या घरात येऊन." उयोमाची लेक. माहेरच्या नावाखेरीज गावात तिला कोणी हाक मारत नव्हतं. "उघडलेली कबर रिकामी सोडता येते का? सोडली तर तिच्यात केळीचा खुंट पुरावा लागतो, माणूस पुरतात तसा. मग म्हाताऱ्यांना उठवून दुसरी जागा मागायची. इकडे शवागारातून गाडी निघालेली. नऊला पेटी अंगणात. तीनशे माणूस बसलेलं. केळीचा खुंट आणू कुठून, माझ्या डोक्यातून? कंदील योनाच्या हातात होता. तो म्हणाला, बांधा आणि पुढे चला. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. करकचून बांधली, वर चिकणमाती थापली."

"आणि कोणाला बोलला नाहीत."

"बोलून? कबर बिघडवून माणूस ठेवला हे म्हाताऱ्यांना कळलं तर ते झाब्लॉनला कबरीतून उठवायला लावतील. तुला बघवेल ते? चौदा महिन्यांनी?"

ती रस्त्याला लागली.

परतताना ती रस्ताभर एकच गोष्ट उलटून पालटून बघत होती. उद्या तिने म्हाताऱ्यांना सांगितलं, पाइप फुटलाय, तर ते म्हणतील, उकरून दाखव. उकरलं की ट्यूबची पट्टी दिसणार. पट्टी कोणी बांधली, कधी बांधली, हे विचारायला शहाणं माणूस लागत नाही. अर्धं खरं सांगायची सोय नव्हती. पूर्ण सांगितलं तर घर राहील आणि झाब्लॉनला उठवतील, मुलींना बोलावून त्यांच्या देखत. नाही सांगितलं तर झाब्लॉन राहील आणि घर जाईल.

दुपारी शाबानने नवा पाइप टाकला. तिने त्याला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि ओमेना मासळी वाढली. कोंबडीची आठवण दोघांनीही काढली नाही.

संध्याकाळी ती योनाच्या गोठ्यात गेली. तो गाय पिळत होता. तिला बघून त्याचे हात थांबले, मग परत चालू झाले.

"काल तुम्ही विचारलं नाहीत, भावजी. आवाज कसला म्हणून."

धार भांड्यात वाजत राहिली.

"ओग्वेनो बोलला," योना म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"बोलला."

"मी काय करायला हवं होतं? आई ओसरीत बसलेली. तिच्यासमोर पेटी आणून ठेवायची आणि सांगायचं, तुझ्या मुलाला जागा नाही?"

"ते मी विचारतच नाहीये. माझ्या घराला कुलूप का, ते सांगा."

"पाणी पाइपातून येतंय हे मला कळतं. मीही शाळा शिकलोय. पण आत्ताच का फुटलं? चौदा महिने का नाही?"

"रबर चौदा महिने टिकलं म्हणून."

"तुझ्याकडे सगळ्याला उत्तर आहे."

"उद्या तुमच्याकडे असलं पाहिजे."

त्याने भांडं बाजूला ठेवलं. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. "ती फरशी खचली त्या दिवसापासून मला जेवण जात नाही, वहिनी. मला वाटलं तुझ्या घराचं काही केलं, रीत पुरी केली, तर तो मला सोडेल. मी कोट म्हणालो, तो मला हवाय म्हणून नव्हे."

"मला बाहेर काढून तो तुम्हाला सोडेल?"

योनाने मान खाली घातली. गायीने पाय झाडला तरी तो हलला नाही. ती निघाली. त्याने उद्या काय करणार ते सांगितलं नव्हतं, आणि तिला स्वतःचंही माहीत नव्हतं.

शनिवारी दहाला म्हातारी मंडळी आली. सात जण. पुढे न्यांग्वेसोबाबा, ऐंशी पार केलेले, हातात काठी. रोझेलिडाने आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. घरात कोणी पाऊल टाकलं नाही, चहासुद्धा बाहेरच घेतला. संशयाखाली असलेल्या घरात बसत नाहीत. योना टोकाच्या खुर्चीवर बसला. ओग्वेनो मागे, कुंपणाला टेकून. शाबानला तिने येऊन थांबायला सांगितलं होतं. तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आत ये की," ती म्हणाली होती.

"नको. मी परका माणूस. इथून सगळं दिसतं, आणि मोटारसायकलही जवळ आहे."

न्यांग्वेसोबाबा कबरीच्या उशाशी गेले. वाकायला त्यांना दोघांनी धरलं. त्यांनी मातीत दोन बोटं घातली, वर काढली, अंगठ्याने चोळली. बोटांना चिखल लागला होता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"ओली आहे."

म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज झाली. काल शुक्रवारच होता, एक जण म्हणाला. रोझेलिडाने शाबानकडे पाहिलं. तीन आठवडे, तो म्हणाला होता. पाणी तोडून दोनच दिवस झाले होते.

न्यांग्वेसोबाबा परत येऊन बसले. त्यांनी घाई केली नाही. झाब्लॉन कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, हे सांगितलं. घर म्हणजे काय, विधवा म्हणजे काय, हे सांगितलं. मग म्हणाले, "न्यार उयोमा, तुझ्या हातून काही वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. पण मेलेला माणूस बोलत असेल तर जिवंतांनी ऐकायला हवं. घर बंद करायचं, की योनाच्या हाताखाली द्यायचं, ते आज ठरेल. तुझं काही म्हणणं?"

ती उभी राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, एकाचे सोडून.

"माझं म्हणणं शेवटी, बाबा," ती म्हणाली. "बायको बाहेरून आलेली. आधी सख्ख्या भावाने बोलावं."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हे रीतीला धरून होतं. सातही जण योनाकडे वळले.

योना उठला. टोपी हातात घेतली. तिची कड बोटांनी फिरवत राहिला. आंब्यावर एक कावळा बसला आणि उडाला. शेवटी ओकुंबे नावाचे एक म्हातारे वैतागले, "बोल की. का तुझ्या तोंडाचंही पाणी गेलंय?"

कोणीतरी हसलं. योना हसला नाही.

"घराचा दोष नाही," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. कंदील, कुदळ, चीर, पट्टी. मागून ओग्वेनो म्हणाला, "पट्टी मी बांधली. नुसतं त्याच्यावर घालू नका." रोझेलिडा अजून उभीच होती. बसायचं तिला सुचलं नाही.

ओकुंबे ताडकन उठले. "म्हणजे कबर बिघडलेली! बिघडलेल्या कबरीत माणूस ठेवलात! त्याला उठवायला हवं. दुसरं काय?"

दोघांनी त्यांना दुजोरा दिला. एकाने नको म्हटलं. आवाज चढले. एक जण योनाला म्हणाला, असला भाऊ असण्यापेक्षा बकरी पाळावी. रोझेलिडाच्या कानात काल ओग्वेनोने विचारलेलं घुमत होतं. तुला बघवेल ते?

न्यांग्वेसोबाबांनी काठी आपटली.

"ओग्वेनो. पाइप दिसला तेव्हा किती खणलं होतं?"

"छातीएवढं, बाबा."

"आणि पुरी कबर?"

"माझ्या डोक्याच्या वर एक हात."

"म्हणजे पुरी झाली नव्हती." न्यांग्वेसोबाबा म्हणाले. "खुंट पुरायचा तो खणून झालेल्या कबरीत. अर्ध्यावर असताना ती खड्डा आहे. खड्ड्यात दगड लागतात, मुळं लागतात. पाइप लागला."

"पाइप म्हणजे मूळ नव्हे!" ओकुंबे म्हणाले.

"तुझ्या बापाची कबर खणताना दुसऱ्या कोणाचं तरी हाड लागलं होतं. आम्ही काय केलं? बाजूला सारलं आणि पुढे खणलं. तू तिथे भात खात होतास."

ओकुंबे बसले. पण पुटपुटत राहिले, आणि न्यांग्वेसोबाबांनाही ते पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी फाटकाकडे काठी केली.

"तो लांब उभा आहे तो कोण? नळवाला? ए, इकडे ये. पाणी बंद केलंस?"

शाबान चार पावलं आत आला. "केलं, बाबा. जुन्या पाइपात आता थेंब नाही."

"मग माती केव्हा वाळेल?"

"तीन आठवडे."

"पाऊस आला तर?"

"आला तर सगळ्या अंगणात येईल. नुसता तिथेच नाही."

न्यांग्वेसोबाबांनी यावर विचार केला. "तीन आठवडे," ते म्हणाले. "तोवर कुलूप नाही आणि कोट नाही. कोणी उकरणार नाही, कोणी झाकणार नाही. माती वाळली तर झाब्लॉन झोपलाय, आणि कोणी त्याला उठवू नये. नाही वाळली तर पाइपही खोटा आणि योनाही. मग मी दोन्ही करीन. त्याला उठवीन आणि घर बंद करीन."

पुढचे दिवस तिने शिवणाची कामं घेतली, आणि एकाच गणवेशाचा खिसा तीनदा उसवला. सोमवारी आठला पाणी आलं तेव्हा ती कबरीपाशी बाराला पाणी जाईपर्यंत उभी राहिली. आवाज नव्हता. पण माती काळीच होती. दुसऱ्या आठवड्यात भिंत खालून फिकी होऊ लागली आणि मिठासारखी पांढरी पूड धरू लागली. कबरीची माती तशीच. भिंतीला ऊन लागत होतं, उशाला फरशीची सावली होती, हे तिला माहीत होतं. माहीत असून झोप येत नव्हती. तेराव्या दिवशी दुपारी अवकाळी सर आली, दहा मिनिटं. ती प्लास्टिकचा कागद घेऊन दारापर्यंत धावली आणि तिथेच थांबली. कोणी झाकणार नाही, असं ठरलं होतं. अंगणभर पाणी पडताना ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. संध्याकाळी अंगण सुकलं. उशाकडचा भाग सुकला की नाही, ते तिने वाकून पाहिलं नाही.

योना त्या दिवसांत एकदाच आला. कबरीपासून लांब उभा राहून म्हणाला, "हरळी पिवळी पडतेय." ती म्हणाली, "मी बघितलं नाही." तिने बघितलं होतं.

न्यांग्वेसोबाबा एकविसाव्या दिवशी आले नाहीत, बाविसाव्याही नाहीत. तेविसाव्या दिवशी सकाळी नऊला आले, बाकी म्हाताऱ्यांशिवाय, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून. रोझेलिडाशी बोलले नाहीत. सरळ कबरीच्या उशाशी गेले, काठीचं टोक मातीत रोवलं आणि दोन्ही हातांनी फिरवलं. वीतभर खोल गेल्यावर काठी वर ओढली.

टोकाला धूळ होती. त्यांनी ती फुंकली, उडाली.

त्यांनी आणखी एका जागी काठी रोवली, फरशीच्या अगदी कडेला. तिथूनही धूळच आली.

मग ते वळले आणि अंगण ओलांडून दाराशी आले. रोझेलिडा उंबऱ्यातून बाजूला झाली. बाबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, चपला काढल्या, आणि आत जाऊन मधल्या खुर्चीवर बसले.

"चहा कर," ते म्हणाले. "साखर जरा जास्त घाल, सून घालू देत नाही."